समुद्राचे दोन दिवस

एप्रिलमधल्या एका मंगळवारी मी राजकमल चौकातल्या प्रणालीच्या ऑफिसात तिकिटं काढायला गेले. ऊन असं होतं की स्कूटीचं हँडल धरवत नव्हतं. माझ्या नवऱ्याची बँकॉकची तिकिटं नेहमी प्रणालीच काढते. तिने मला कूलरसमोर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि विचारलं, "या टायमाले तुमी बी चालल्या का, वहिनी?"

"चालली," मी म्हटलं, आणि माझा मलाच विश्वास बसेना.

किशोर, म्हणजे आमचे हे, फुलांच्या धंद्यात. त्यांचे आजोबा अमरावतीच्या बाजारात हार विकायचे, हे लग्नाचे स्टेज सजवतात. त्यासाठी वर्षातून दोनदा बँकॉकच्या फुलबाजारात ऑर्किडचे सौदे करायला जातात. तीन दिवसांचं काम. त्याला पुढे दोन दिवस जोडायचे आणि क्राबीला जाऊन समुद्र बघून यायचं, असा बेत होता. मी मूर्तिजापूरची. छत्तीस वर्षांची झाले तरी समुद्र पाहिला नव्हता. लग्नातून मला बाकी काय मिळालं नाही ते सांगत बसत नाही, पण तो समुद्र मला हवा होता.

बेत मात्र माझा नव्हता, हे आधीच कबूल करते.

मी बिजवराला दिलेली. किशोरची पहिली बायको सीमा काविळीने गेली आणि दीड वर्षाने मी त्या घरात आले. आमच्यात अशा बाईने गळ्यात सवतीचा टाक घालायचा असतो. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. नवरा जिवंत असेतो तो उतरवायचा नाही. घरात नवं काही आलं की आधी तिला दाखवायचं. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग नेसायची. पुरणपोळीचा पहिला घास तिचा. पाच वर्षं मी हे बिनबोभाट केलं. पाच वर्षांत माझ्या अंगावर एकही कोरं कापड पडलं नाही, असं मी बहिणीला म्हणायचे. ती म्हणायची, मेलेल्या बाईशी काय भांडतेस.

तर कपाट आवरताना मला सीमाची दोनशे पानी वही सापडली. त्यात हीच सहल सहा वेळा लिहून काढलेली होती. बँकॉक तीन दिवस, समुद्र दोन दिवस. कोणतं हॉटेल, होडीत कोणत्या बाजूला बसायचं, सोबत काय न्यायचं, सगळं. आणि सहाही वेळा त्यावर एक आडवी रेघ. एकदा लग्नसराई आडवी आली, एकदा माल विमानतळावर अडकला, उरलेल्या वेळी नुसतंच 'पुढच्या टायमाले'. अकरा वर्षं त्या बाईला पुढच्या टायमावर ठेवलं होतं.

वाचून मला तिची कीव यायला हवी होती. मला राग आला. म्हटलं, मी काही अशी वाट पाहत मरणार नाही. तिचाच बेत उचलला, जसाच्या तसा प्रणालीपुढे ठेवला आणि तिकिटं हातात आल्यावरच नवऱ्याला सांगितलं. त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण पैसे भरून झाले होते.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई, वच्छलाबाई, दारातल्या शेवंतीच्या ढिगापाशी बसून देठ खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सीमाले सांगतलं का?"

"हो, आई."

"पोरी, तिचा जीव अडकला होता त्याच्यात. दवाखान्यात बी इचारे, पासपोर्ट कोठी ठेवला मनून... नवं लुगडं एक वेळ नाई दाखवलं त चालते. हे तिले सांगूनच जाय."

"सांगतलं म्हटलं ना."

मी सांगितलं नव्हतं. समुद्रासाठी घेतलेला निळा ड्रेससुद्धा टाकाला लावला नव्हता. एक तरी गोष्ट तिच्या आधी माझी व्हावी, एवढंच मनात होतं. तुम्ही याला पाप म्हणत असाल तर म्हणा.

बँकॉकचे तीन दिवस मी पुरेपूर भोगले. फुलबाजारातली ओली फरशी, बर्फाचं पाणी, कुजक्या देठांचा वास. हे भाव करत हिंडायचे आणि मी नमुन्यांच्या पिशव्या सांभाळत प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची. घरून नेलेल्या दशम्या खायच्या, पुन्हा बसायचं. मनात दिवस मोजत होते.

तिसऱ्या दुपारी ते हिशेब मिटवायला गेले आणि मी हॉटेलच्या खोलीवर एकटी होते. अकरावा मजला. खिडकी उघडत नव्हती, बाहेरचा एकही आवाज आत येत नव्हता. एसीची बारीक घरघर तेवढी. मी डोळे मिटून पडले होते. थोड्या वेळाने माक्याच्या तेलाचा वास आला. मी माका वापरत नाही. वास उशीच्या दुसऱ्या बाजूने येत होता, आणि तिकडून एक पान उलटल्याचा आवाज आला... मग आणखी एक.

मी उठून बसले. पलंगावर कुणी नव्हतं. बॅगेत तळाशी ठेवलेली सीमाची वही चादरीवर उघडी पडली होती. सहाव्या बेताचं पान. त्यावरची रेघ नव्हती. निळ्या शाईची, दाबून मारलेली रेघ, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली. बाकी अक्षर न् अक्षर जागेवर होतं.

"सीमाताई...?" मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

गळ्यातला टाक तापला होता. चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यासारखा.

त्याच वेळी हात जोडून सांगून टाकायला हवं होतं. मी वही मिटली, बॅगेत कोंबली आणि चेन ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही क्राबीच्या विमानात बसलो. उतरल्यावर गाडी केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडी होती, हवेत खारट वास यायला लागला होता. ड्रायव्हरने हाताने पुढचं वळण दाखवलं आणि म्हणाला, "सी, सी." मी ओढणी सावरली, काचेला नाक लावलं. गाडी वळायला लागली.

माझ्या कानापाशी, अगदी मायेने, कुणीतरी म्हणालं, "सरक जराशी."

त्यानंतर मी नागपूरच्या विमानतळावर होते. सरकत्या पट्ट्यावरून आमची बॅग येत होती. हे माझा हात धरून उभे होते. पाच वर्षांत त्यांनी चारचौघांत माझा हात धरला नव्हता. माझं नाक उन्हाने सोललं होतं, केसांत वाळू होती. निळा ड्रेस मिठाने कडक झाला होता.

"काहून गप झाली एकदम?" ते म्हणाले. "विमानात त किती बोलून राहिली होती."

घरी आल्यावर मी फोन उघडला. दोनशे बारा फोटो. सगळ्यांत मी. होडीत, वाळूत, कमरेइतक्या पाण्यात. तोंड भरून हसणारी. मी फोटोत दात दाखवत नाही, माझा एक दात पुढे आहे. या बाईला त्याची पर्वा नव्हती. मागे हिरवंनिळं पाणी पसरलेलं होतं, आणि मी ते आयुष्यात पहिल्यांदा, अमरावतीत, पलंगावर बसून, फोनवर पाहत होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. मी फार रडले. भीती नंतर वाटली, आधी नुसता संताप झाला.

सासूबाईंना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावला, दोन-तीन फोटो पाहिले आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"असाच हात कमरेवर उलटा ठेवून सीमा उभी राहे," त्या हळू म्हणाल्या. "तू खोटं बोलली माह्यापाशी..."

"टाक काढून द्या, आई."

"किशोर असेतो नाई काढत, पोरी."

मी नवऱ्याला विचारलं. ते दुकानात स्टेजचा थर्माकोल कापत होते. "तुम्हाला ओळखू नाही आलं?"

ब्लेड थांबलं.

"पैल्या सांजेलेच आलं," ते म्हणाले.

"मग?"

"मंग काय... तिचं राहून गेलं होतं. माह्याच्यानं राहून गेलं होतं."

"आणि माझं?"

त्यांनी थर्माकोल उलटा केला आणि दुसऱ्या बाजूने कापायला घेतला.

त्या दोन दिवसांतलं मला काहीच आठवत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ते पूर्ण खरं नाही. एक आठवतं. दाट अंधार होता. हातपाय हलत नव्हते, जणू कुणी ठोकून सपाट केले होते. माझ्या पाठीला कुणाची तरी उबदार छाती टेकलेली होती, आणि तिची धडधड इतक्या जवळून येत होती की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. फार लांबून लाटांसारखं काहीतरी. तेही मला वाटलं असेल.

काल हे दुपारी जेवायला घरी आले. ऑक्टोबरात पुन्हा बँकॉकला जायचंय, प्रणालीला तारखा द्यायच्या आहेत म्हणाले. या वेळी बाजाराचं काम एकाच दिवसाचं.

"मला नाही यायचं," मी म्हटलं. "मी कुठंच येणार नाही."

"तुले नाई इचारून राहिलो," ते म्हणाले. रागाने नाही, अगदी नरम आवाजात. त्यांची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती. थोडी खाली, गळ्यापाशी होती. ते वाट पाहत होते.

कूलर चालू होता, भांड्यावर माशी घोंगावत होती. मला दुसरं काही ऐकू आलं नाही. पण त्यांनी दोनदा मान डोलावली, किंचित हसले आणि फोन लावला.

"प्रणाली, समुद्राचे दोन दिवस नको," ते म्हणाले. "दहा कर."