वधलहर शून्य

प्रयोगशाळेतल्या टेबलावर बंदूक ठेवली होती आणि तिच्या दस्त्याला गाल लावून उपवनसंरक्षक उमाकांत धोटे एक डोळा मिटून बसले होते.

"आता मारा," डॉ. वैदेही कारखानीस म्हणाल्या.

"कोणाला?"

"भिंतीवर डुकराचं चित्र आहे ना, त्याला. आत गोळी नाही, घाबरू नका. पण मनापासून मारा हं, फायलीवर सही केल्यासारखं नको."

धोट्यांनी दातओठ खाल्ले. त्याच क्षणी पलीकडच्या खुर्चीवर ठेवलेला चामडी पट्टा थरथरू लागला.

"अहो, मी अजून बोटही हलवलं नव्हतं!"

"तीच तर गंमत आहे," डॉक्टर खुशीत म्हणाल्या. "माणूस जीव घ्यायचं ठरवतो तेव्हा त्याच्या मेंदूत एक वेगळी लहर उठते. आम्ही तिला वधलहर म्हणतो. बोट हलायच्या पाऊण सेकंद आधी ती येते. दस्त्यातला हेतुवेधक ती पकडतो आणि जनावराच्या गळ्यातल्या पट्ट्याला कळवतो. पट्टा थरथरला की जनावर पसार."

"पाऊण सेकंदात?"

"रानडुकराला तेवढं पुष्कळ झालं. तुमच्या खात्याला पाऊण वर्ष लागतं ते सोडा."

धोटे हसले, कारण टोमणा खरा होता. वाघझरीच्या पठारावर चाळीस रानडुकरं होती. ती खालच्या उसाची नासाडी करत, म्हणून नेमबाज लावून सगळी संपवायची असं खात्याने ठरवलं होतं. वैदेहीबाई मध्ये पडल्या नसत्या तर एव्हाना पठार रिकामं झालं असतं. त्यांनी शासनासमोर समसंधी शिकार कायद्याचा मसुदा ठेवला. हौशी माणसाला शिकारीची परवानगी द्यायची, पण बंदूक हेतुवेधकाची आणि जनावराच्या गळ्यात पट्टा. शिकारी येतील, डुकरं पळतील, रोजच्या पळापळीने उसाची वाट विसरतील आणि मरणार कोणीच नाही. अट एकच होती. तीस दिवसांच्या चाचणीत एकही शिकार होता कामा नये. झालीच, तर नेमबाज येणार आणि चाळीसच्या चाळीस डुकरं जाणार.

बाईंना ती चाळीसही डुकरं ओळखू येत. एका दांडग्या डुकरिणीला त्या कौतुकाने पाटलीणबाई म्हणत. घरी मात्र रविवारी मटण शिजे. कारखानिसांच्या घरात त्याला नाही म्हणायची पद्धतच नव्हती. बकरा पाळीव आणि डुक्कर रानातलं, एवढ्यावर त्यांनी स्वतःच्या मनाशी समझोता केला होता, आणि तो बरीच वर्षं सुखाने टिकला होता.

चाचणीला माणसं दिली वाघझरी शिकार मंडळाने. मंडळाचे अध्यक्ष विश्वासराव इंगवले. त्यांना सगळे सरकार म्हणत. तीन पिढ्यांची शिकार, दिवाणखान्यात भिंतभर शिंगं. "डुक्कर पडल्याबिगर डोक्याला फेटा बांधणार न्हाई," असं त्यांनी पहिल्याच दिवशी चारचौघांत सांगितलं आणि तिथेच फसले.

पहिल्या आठवड्यात नुसती नेम धरायची खोटी, की डुक्कर गायब! दुसऱ्या आठवड्यात सरकारांनी युक्ती काढली. लहर उठू नये म्हणून ते एकोणतीसचा पाढा म्हणत बंदूक धरू लागले. पाढा चुकला, डुक्कर पळालं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मचाणावर डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवायला सुरुवात केली.

इकडे मंडळाची अडचण वेगळीच होती. शिकारी रानात निघाले की गावात वाटण वाटायला घ्यायचं, ही तिथली जुनी रीत. वाटण तयार झालं म्हणजे पातेलं रिकामं ठेवायचं नाही, आणि शिकारीचा वाटा घरटी एक वाटी गेलाच पाहिजे. मंडळाची आचारीण हौसाक्का लव्हटे रोज खोबरं, तीळ, कांदा भाजून वाटायची आणि सरकार रोज हात हलवत यायचे. मग गुपचूप ब्रॉयलर कोंबड्या आणायच्या आणि रानडुकराचा रस्सा म्हणून घरोघरी पोचवायचा. एकोणतीस दिवस अख्ख्या गावाने कोंबडीच्या तंगड्या चोखत "रानातल्याची चवच न्यारी" म्हणून माना डोलावल्या. बाईंना हे गुपित ठाऊक होतं. चाचणी सुखरूप चालली आहे याचा तो रोजचा पुरावाच होता, म्हणून त्याही गप्प बसल्या.

तिसाव्या दिवशी सकाळी सरकार मचाणाखाली बसले होते. मन अगदी निवळलेलं. झुडपातून पाटलीणबाई आली. पट्टा थरथरला नाही म्हणून ती थांबली नाही, चालत चालत दहा हातांवर आली. महिनाभरात डुकरं एवढंच शिकली होती, की गळ्यात गुदगुल्या नाहीत म्हणजे माणसाची भीती नाही. सरकारांनी गाल दस्त्याला लावला. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. भुवईवर पांढरे केस, नाकाला चिखल, आणि चेहऱ्यावर थेट त्यांच्या थोरल्या आत्याचा वैताग.

"आयला, ही तर मानसासारखी बघतीय," सरकार पुटपुटले. त्यांना भडभडून आलं. बंदूक तिथेच झाडाला टेकवून ते तोंडावर पाणी मारायला ओढ्याकडे गेले आणि बंदूक विसरून तिकडूनच घरी परतले.

दुपारी एक वाजता डॉक्टरीणबाईंनी बंदुकीतली नोंद उतरवून घेतली आणि त्यांचे डोळे पाणावले. तीस दिवसांत पहिल्यांदाच आकडा शून्य आला होता. मंडळाच्या मांडवात पंगत बसली होती. धोटे साहेब शेजारी, समोर सरकार बोडक्या डोक्याने, पण तोंडावर विलक्षण शांती.

"आज या पठारावर एकाच्याही मनात हत्या नव्हती!" बाईंनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात सरकारांनी वाजवल्या.

हौसाक्काने वाढायला घेतलं. पहिल्याच घासाला धोटे थबकले. "आक्का, आज काय घातलं काय हो यात? वा!"

"अहाहा!" बाई बोटं चाटत म्हणाल्या. "हे ब्रॉयलर वाटतच नाही."

"ब्रॉयलर असंल तर वाटंल की," हौसाक्का म्हणाली. "आज खरं आहे. सकाळी डबा घिऊन गेले तर सरकार नव्हते, बंदूक हुती, अन् ती दांडगी डुकरीण हुबी. म्हटलं, आज वाटण फुकट जायला नगं. एका गोळीत झोपली बिचारी. दोन्ही जावांना हाक मारली, साफ केली, टाकली शिजाया. बंदूक आणून हितं खुंटीला अडकवली."

उसाच्या राखणीचे फटाके दिवसभर वाजत, त्यात त्या गोळीकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. सरकारांनी ताट पुढे सारलं आणि ते लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

"तुम्ही बंदूक धरलीत? तुम्ही?" बाईंचा आवाज चिरकला.

"मंडळाची नोंदणी करताना एक बाईमाणूस लागतंय म्हणून माझंच नाव घातलंय न्हवं? शिकारीबी सरकारांच्या वडलांनीच शिकवली."

"अहो, पण दस्त्याला गाल लावलात ना? मग लहर कशी नाही उठली? मारताना तुमच्या मनात काय होतं?"

हौसाक्काने खरोखर आठवून पाहिलं. "मनात? रस्सा. म्हटलं, पुठ्ठ्याला चरबी दिसतीय, तेल कमी घालावं. अन् मीठ संपत आलंय."

"पण तुम्ही जीव घेतलात!"

"जीव कुठं घेतला बाई, मी मटण घेतलं. तुम्ही न्हाई का रविवारी घेत?"

बाई ताडकन उठल्या. यंत्र तपासायला खुंटीवरची बंदूक काढून त्यांनी गाल दस्त्याला लावला आणि वाटीतला उरलेला तुकडा तोंडात घातला. पाटलीणबाईचा तो तुकडा त्या चावत राहिल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि हेतुवेधकावर आकडा होता शून्य. दुःख भरपूर होतं. वधलहर मात्र नावालाही नव्हती.

"यंत्र बिघडलेलं नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "यंत्र बरोबर सांगतंय. साहेब, चाचणी नापास लिहा."

"अशी कशी लिहू?" धोट्यांनी हात धुऊन फाईल उघडली. "नापास लिहिलं तर उद्या नेमबाज येतील. आणि हे बघा तुमचंच कलम. एखादं डुक्कर म्हातारपणाने मेलं तर ते चाचणीच्या माथी येऊ नये म्हणून तुम्हीच घातलं होतं. शिकार म्हणजे वधलहरीची नोंद होऊन आलेला मृत्यू. नोंद शून्य. म्हणजे शिकार झालेलीच नाही."

"मग आम्ही खाल्लं काय?"

"ते कलमात बसत नाही," धोटे म्हणाले.

बाईंसमोर दोनच वाटा होत्या. एकोणचाळीस डुकरं उद्या मारायची, किंवा एकेक करून जेवणाच्या वेळी. त्यांनी सही केली. महिन्याभरात कायदा सगळ्या राज्याला लागू झाला.

शिकार मंडळांना मर्म कळायला आठवडाही लागला नाही. हौसाक्काच्या स्वयंपाकघरासमोर साठ-सत्तर मिशाळ गडी रांगेने उभे राहू लागले. ज्यांनी जन्मात कधी चहा केला नव्हता ते कांदा चिरायला बसले. हौसाक्काने पदर खोचून पहिला धडा दिला, "हे बघा, एवढंच ध्यानात ठेवायचं. डुकराकडं बघायचं न्हाई, पातेल्याकडं बघायचं."

तेवढ्यात पठारावरून पत्र्याचे डबे बडवल्याचा कानठळ्या बसवणारा आवाज आला. डॉक्टरीणबाई आणि सरकार रोज सकाळी तो उद्योग करत. पट्टे मुके झाले होते, तेव्हा डुकरांना माणसाची भीती नव्याने शिकवायची एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. बाईंनी रविवारचं मटण सोडलं होतं, सरकारांनी मंडळ.

"आक्का, त्या दोघांनाबी शिकवा की," एक मिशीवाला कांद्याचं पाणी पुसत म्हणाला.

"त्यांना आता न्हाई जमायचं," हौसाक्का म्हणाली. "त्यांनी त्या डुकरिणीकडं बघितलंय."