सांबूकाका आणि रमणची टाळी

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. उलट कॉलेजात कळलं तर माझंच हसं होईल.

मी तंजावूरला मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डन आहे. वीस वर्षांत भुताच्या किती अफवा मोडल्या, मोजदाद नाही. प्रत्येक वेळी पाल निघाली, नाहीतर एखादीचा मोबाइल निघाला. पोरींना मी असं झापते की पुन्हा कोणी भुताचं नाव काढत नाही.

म्हणून हे लिहिताना मलाच माझी लाज वाटते आहे.

मागच्या ऑगस्टमधला रविवार. दुपारचे तीन. मेल वीधी या मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीतलं आमचं घर. बाहेर लख्ख ऊन होतं.

घरात आम्ही तिघं. मी, चेन्नईहून सुट्टीला आलेली माझी मुलगी नित्या आणि सांबूकाका. सांबशिव, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. अठराव्या वर्षी घरातून पळून सर्कशीत गेले, जोकर झाले, पाच-सहा वर्षांनी परत आले ते गप्पच. पुढं भाताच्या गिरणीत नोकरी केली. सर्कशीबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मला मात्र त्यांनीच खांद्यावर घेऊन वाढवलं. अप्पा गेल्यावर मला तेच एक माणूस उरलं होतं.

नित्याला कॉलेजसाठी एका परदेशी सिनेमावर लिहायचं होतं. कुठल्याशा देशात लष्करी हुकूमशहा असतो, आणि एका सर्कशीत दोन जोकर एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. भयंकर सिनेमा. नित्याला वाटलं, आजोबांना दाखवला तर आजोबा सर्कशीबद्दल बोलतील.

मलाही वाटलं. अक्कल गहाण टाकली होती मी.

शेजारच्या प्राणेशचं बाळ झोपलं होतं, आणि सिनेमात नुसत्या किंकाळ्या. मी लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद केला. खाली इंग्रजी अक्षरं येत होतीच.

पडद्यावर एका जोकरनं दुसऱ्याच्या थोबाडीत मारली.

आणि...

फट्.

नित्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आवाज परत का चालू केलास? ती म्हणाली, बंदच आहे अम्मा. मी स्वतः बघितलं. बंदच होता.

जोकरनं परत हात उगारला.

फट्.

आवाज लॅपटॉपमधून येत नव्हता. काकांच्या खुर्चीमागून येत होता. तिथं भिंत आणि तांदळाचा डबा, एवढंच.

मी लॅपटॉप खाडकन मिटला. काका सिनेमा बघतच नव्हते. मान वळवून भिंतीकडं बघत होते. मग त्यांचा उजवा हात सावकाश वर गेला आणि हवेतून आडवा फिरला...

फट्.

काका हळूच म्हणाले, "रमण आलाय."

मी नित्याला खोलीबाहेर घालवलं. मग काका बोलले. एका दमात, पन्नास वर्षांचं.

सर्कशीत जोकर जोकराला खरं मारत नाही म्हणे. मारणारा आपला हात गालापासून वीतभर लांबून फिरवतो. मार खाणारा त्याच क्षणी पोटापाशी हळूच टाळी वाजवतो. लोकांना वाटतं, थोबाडीत बसली. त्यांच्या जोडीत मारायचे काका आणि टाळी वाजवायचा रमण. त्याची टाळी कधी चुकली नाही.

लोक हसायचे मात्र रमणला. मालक मोठा जोकर त्यालाच करणार होता. काका मनातून जळायचे.

आणीबाणीचे दिवस होते. रमणनं एक नवा खेळ बसवला. खुर्चीत ऐटीत बसायचं आणि जो तोंड उघडेल त्याच्या तोंडावर कागद चिकटवायचा. तंबू डोक्यावर घेत लोक. काकांनी जाऊन पोलिसांना सांगितलं. पोलीस म्हणाले, दोघांची तोंडं सारखीच रंगवलेली, ओळखायचा कसा?

काका म्हणाले, खेळात मी ज्याला मारीन, तो.

त्या संध्याकाळी काकांनी हात फिरवला. रमणनं टाळी वाजवली. लोक हसले. रंगीत कपड्यांतच त्याला तंबूच्या मागून नेलं. तो परत कधी कोणाला दिसला नाही. महिन्यानं त्याची आई चौकशीला आली, तर काकांनी तिला कॉफी पाजली आणि माहीत नाही म्हणून सांगितलं.

मला काकांचा राग आला. खूप आला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण माणूस माझं होतं, टाकणार कुठं?

नित्या चेन्नईला परत गेली. टाळी गेली नाही. रोज दुपारी तीनला काकांचा हात आपोआप उठायचा, आणि मागून...

फट्.

काकांनी जेवण सोडलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तिरुवैयारूला नेऊन कावेरीत स्नान घातलं. कशाचा उपयोग झाला नाही.

मग ते भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. एक गाल पुढं करून. रमणनं एकदा मारावं नि मी मोकळं व्हावं, असं पुटपुटायचे. तासन्‌तास बसायचे. भिंतीतून मार काही येत नव्हता. पंधरा दिवसांत हाडं दिसायला लागली. असंच चाललं तर काका जातील, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा मी एक चूक केली.

मनाचा आजार आहे, असं मी स्वतःला बजावलं होतं. कोणीतरी एकदा मारलं की सुटतील. मोतीबिंदूनं त्यांना अंधुकच दिसायचं. मी पावलं न वाजवता पाठीमागून गेले. खरं मारणं माझ्यानं झालं नसतं. पण रीत मला आता माहीत होती. मी हात फिरवायचा, टाळी काका वाजवतील.

मी हात उचलला. गालापासून वीतभर लांबून फिरवला.

काकांनी टाळी वाजवली नाही. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते. त्यांना खरा मार हवा होता.

आणि तरीही...

फट्.

आवाज त्यांच्या पोटापाशी झाला. काका आणि भिंत यांच्यामध्ये. त्यांचे हात मी बघत होते. ते हलले नाहीत.

काका रडायला लागले. लहान मूल रडतं तसे, तोंड उघडून.

"मला मार पण खाऊ देत नाही गं, विनू. माझी टाळी पण तोच वाजवतो."

मी त्यांना जवळ घेतलं.

त्या दिवसापासून काका भिंतीकडं बसत नाहीत. वाढलं तर जेवतात. वजन दोन किलो वाढलं. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. मी हो म्हटलं. त्यांनी सुटकेची आशा सोडली आहे, हे डॉक्टरांना कुठल्या तपासणीत दिसणार?

हा रमणचा सूड होता की त्याची माया, मला कळत नाही. विचार केला की झोप उडते.

एक गोष्ट मी नित्यालाही सांगितलेली नाही.

ती टाळी वाजली, तेव्हा माझा हात अजून हवेतच होता. तळहाताला वारा लागला. थंडगार, अंगावर काटा आणणारा वगैरे नाही...

साधा, कोमट, जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातांचा वारा.