मंगळवारची नाडी

शिवलेले पडदे पोचवायला मी तिसऱ्या मजल्यावर निघाले होते. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचले आणि अंगातून अशी वाफ उठली की मटकन पायरीवर बसले. समोरचं दार उघडलं. पांढरा कोट, कपाळावर चढवलेला चष्मा.

"घाबरू नका… आत पंखा आहे."

असा तो भेटला. सुया टोचून उपचार करणारा डॉक्टर. धडधड, घाम, उडालेली झोप — पाळी जायच्या दिवसांतलं माझं सगळं गाऱ्हाणं त्यानं माझ्याआधीच सांगून टाकलं.

"सुया टोचून घ्याल?"

"तीस वर्षं शिवणकाम करतेय. सुयांना काय भिते मी?"

"कापड ओरडत नाही, बाई."

"आणि तुमचे पेशंट ओरडतात?"

तो हसला… आणि माझं वय एकावन्नावरून घसरलं ते थेट एकविसावर.

दर मंगळवारी, दुपारी चार. मनगटाच्या आत, घोट्याच्या वर, केसाएवढ्या बारीक सुया. बोटाला ठोके मोजायचं यंत्र. दोन महिन्यांत घामाचे झटके दिवसाला दहावरून तीनवर आले. ठोके मात्र हट्टाला पेटलेले.

"सुया लागल्यावर नाडी शांत व्हायला हवी," माझं मनगट धरून तो पुटपुटला. "तुमची तर पळत सुटते."

"हात सोडून बघा ना…"

त्यानं सोडला. शहाण्णव… अठ्ठ्याऐंशी… बहात्तर. आम्ही दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिलो.

नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. आता लाज कुणाची धरायची?

"कळलंय तुम्हाला," मी म्हटलं. "तरी सांगते — आवडता तुम्ही मला."

त्यानं एकेक सुई काढली. मग स्टूल ओढून बसला.

"माझ्या बायकोलाही हाच त्रास होता. भर थंडीत खिडक्या सताड उघडायची. मी म्हणायचो, नाटकं पुरे. एक दिवस बहिणीकडे गेली… ती गेलीच. हे सगळं मी त्यानंतर शिकलो. 'झोप लागली का,' असं तुम्हाला विचारतो ना… ते तिलाच विचारत असतो."

"मग मी कोण?"

"तुम्ही… उत्तर देता."

"ती परत येणार आहे?"

"नाही. तिनं दुसरा संसार मांडलाय."

"मग?"

त्यानं मान खाली घातली. "पुढच्या मंगळवारपासून आमच्या दुसऱ्या डॉक्टर बघतील तुम्हाला. हात हलका आहे त्यांचा."

मला राग आला तो त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोचा. माझ्या वाट्याचं सगळं तिच्या पदरात पडत होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

रुसून उपचार सोडायचं वय नव्हतं माझं. गेले. डॉक्टरबाई खरंच हलक्या हाताच्या. सुया लागल्या आणि ठोके सत्तरवरून चौसष्टवर आले.

"छान गुण येतोय हो तुम्हाला," त्या कौतुकानं म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून एकदम थांबल्या. "अगंबाई, डोळ्यांत पाणी? दुखली का सुई?"

मी हो म्हटलं.