बंद डबीतली अंगठी

किल्लीवाल्याचं दुकान बंद होतं, म्हणून तो माझ्याकडे आला. कारण एवढंच. आता तो चारचौघांत कितीही रंगवून सांगो, की काचेतून मला पाहिलं आणि पाय आपोआप वळले... शेजारचं शटर खाली होतं, हे मी विसरलेले नाही.

धुकं इतकं दाटलं होतं की भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागले होते. बाबा जेवून वर जरा आडवे झाले होते आणि मी खाली कामाच्या मेजावर वाकून एका कानातल्याचा हिरा घट्ट बसवत होते. दारावर टकटक झाली. मफलर, चष्मा, चष्म्यावर वाफ... आणि हातात एक छोटी पोलादी डबी.

"ही उघडता येईल का? किल्ली सापडत नाहीये. आईची डबी आहे."

"मग आईंनाच विचारा की, किल्ली कुठे ठेवली ते."

"विचारलं असतं," तो चष्मा पुसत म्हणाला. "पण ती जाऊन दोन वर्षं झाली."

माझी जीभ ही अशी. आधी धावते आणि मग मला तोंडघशी पाडते. मी गुपचूप डबी घेतली आणि सगळ्यात बारीक कानस कुलपात घालून हलक्या हातानं फिरवली. कुलूप उघडलं. आत निळ्या मखमलीवर एका हिऱ्याची सोन्याची अंगठी होती. मी ती उचलली आणि लगेच खाली ठेवली.

अंगठी गरम होती.

सोनं बोटावरून उतरलं की थोडा वेळ अंगाची ऊब धरून राहतं. रोज गिऱ्हाईक अंगठी काढून माझ्या हातात देतं, त्यामुळे ती ऊब मला पक्की ओळखीची आहे. पण ही अंगठी बंद डबीतून, स्कूटरच्या डिकीतून, बाहेरच्या त्या गारठ्यातून आली होती.

"ही कोण घालतं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. आई गेल्यावर आज पहिल्यांदा उघडली. का?"

मी डोळ्याला भिंग लावलं. हिऱ्याखाली हाताला लावायच्या क्रीमचा पातळ थर होता. ओला. आणि अंगठी गोल नव्हती, एका बाजूनं किंचित चपटी झाली होती. बोटाचा जसा घाट, तसं मऊ सोनं वर्षानुवर्षांत वळत जातं... त्याच्या आईचं बोट तसं असेल, असं मी मनाशी म्हटलं. क्रीम ओलं कसं, हे मात्र मनाशीही म्हटलं नाही.

"हिऱ्याला तेलाची, क्रीमची फार ओढ असते," मी उगाच मास्तरीणबाईंसारखी बोलू लागले. "थोडं लागलं तरी चिकटतं आणि चमक जाते. क्रीम लावताना, भांडी घासताना अंगठी काढून ठेवायची. कोमट पाण्यात दोन थेंब साबण, दहा मिनिटं भिजवायची, मग मऊ ब्रशनं मागून घासायची. मागून. सगळे पुढूनच घासतात."

"दातांचंही तसंच," तो हसला. "सगळे पुढूनच घासतात."

दातांचा डॉक्टर निघाला. चौकापलीकडे त्याचा दवाखाना. मग काय, ड्रिल त्याच्याकडे, ड्रिल माझ्याकडे. त्याच्याकडे मेण, माझ्याकडेही मेण. "फक्त माझं गिऱ्हाईक बोंबलत नाही," मी म्हटलं, आणि तो असा काही हसला की वर बाबांची झोपमोड झाली.

अंगठी साफ करायला ठेवून तो गेला, तशी मी ती धुतली, पुसली आणि सवयीनं निमुळत्या लोखंडी सळईवर चढवून लाकडी हातोडीनं गोल केली. हातात आलेली अंगठी गोल होऊनच बाहेर जायची, ही बाबांची शिकवण. त्यांचा दुसरा नियम त्याहून कडक — गिऱ्हाइकाची अंगठी आपल्या बोटात घालायची नाही. गंमत म्हणूनसुद्धा नाही.

मला तो मोह नव्हताच. लहानपणी सोन्याची पट्टी लाटायच्या यंत्रात माझ्या डाव्या हाताचं अंगठीचं बोट सापडलं होतं. हाड जुळलं, पण पेर एका बाजूनं चपटं राहिलं. कामाच्या वेळी त्या बोटावर चामड्याची टोपी असते. हिऱ्याला धरणाऱ्या नख्या दाबताना बोटाला लागू नये म्हणून, असं मी सांगते. खरं तर मला ते बोट कोणाला दाखवायचंच नसतं.

संध्याकाळी डॉक्टर अंगठी घेऊन गेला. आठवडा गेला आणि तो डबीसकट परत आला.

"कारागीर," तो म्हणाला. हे नाव त्यानं मला तेव्हाच ठेवलं. "तुम्ही नीट धुतली नव्हती वाटतं."

माझ्या कामाला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. मी डबी ओढून घेतली. अंगठी गरम होती, हिरा धुरकटलेला होता... आणि ती पुन्हा चपटी झाली होती. त्याच बाजूनं, तेवढीच.

"घरी कोणी घालून पाहिली का?"

"घरी मी एकटा असतो. आत्या रविवारी येते, पण डबी कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही घाबरलात?"

"मी? छे."

घाबरले होते. पण आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करायला मला बराच काळ लागला. तो परत आला, याचा मला आनंदच झाला होता.

मग ते सुरूच झालं. मी अंगठी धुवायची, गोल करायची. तो घेऊन जायचा. आणि ती पुन्हा मळून, चपटी होऊन, ऊब धरून परत यायची. दुपारी दवाखाना बंद असायचा तेव्हा तो मेजासमोरच्या स्टुलावर बसायचा. एकदा मी हिऱ्यावर फुंकर मारली. खऱ्या हिऱ्यावर वाफ टिकत नाही, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच विरते. ती टिकली. हळूहळू कडेनं आत येत राहिली, जणू पलीकडूनही कोणीतरी फुंकर मारत होतं. मी तपासणीचं यंत्र लावलं. यंत्र म्हणालं, हिरा खरा.

"तुमच्या आईंचं बोट असं एका बाजूनं चपटं होतं का?" मी विचारलं.

"नाही. ती शिवणकाम करायची. बोटं अगदी सरळ, लांब." त्यानं मोबाइलमधला फोटो दाखवला. मशीनवर वाकून कॅमेऱ्याकडे बघणारी बाई, हातात हीच अंगठी, लख्ख गोल. फोटोतली नजर थेट माझ्याकडे होती. फोटोत असतेच, मला माहीत आहे. तरी मी मोबाइल पालथा ठेवला.

मग ही कोणाच्या बोटाची खूण होती? धुकं काचेला चिकटून होतं. त्याचा हात मेजावर माझ्या हाताशेजारी होता आणि कोणी काढून घेत नव्हतं...

"मुळात सोनं चुकलंय," मी विषय बदलला. "हे बावीस कॅरेट आहे. फार मऊ. हिऱ्याला धरून ठेवायला अठरा कॅरेट हवं, त्यात दुसरे धातू जास्त असतात म्हणून ते टणक. व्हाइट गोल्ड दिसतं छान, पण त्यावर रोडियमचा मुलामा असतो, तो झिजला की पिवळट दिसतं, पुन्हा चढवावा लागतो. प्लॅटिनम सगळ्यात चांगलं. जड, मजबूत. ओरखडा पडला तरी झिजत नाही फारसं. एकदा आकार दिला की बदलत नाही."

"आणि तुम्ही स्वतःसाठी कुठलं घ्याल?"

"मला कोण देतंय?"

"समजा... दिली कोणी."

"माझ्या बोटात अंगठी बसत नाही," मी म्हटलं आणि टोपी घातलेलं बोट मुठीत लपवलं.

त्यानं डबी उचलली. पण त्या दिवशी जाताना दारात उगाच रेंगाळला.

हिवाळा सरत आला, तेव्हा तो एका दुपारी आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. डबीसोबत त्यानं मेजावर तारेचं एक वेटोळं ठेवलं. बोटाचं माप.

"आत्यानं स्थळ आणलंय. मुलीला जुनं सोनं नकोय. आत्या म्हणते, ही अंगठी बरी नाही, वितळवून टाक, हिरा नव्या प्लॅटिनमच्या अंगठीत बसवून घे." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुम्हीच म्हणाला होता, प्लॅटिनम सगळ्यात चांगलं."

म्हणाले होते. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. अंगठी वितळली की ती मळणार नाही, चपटी होणार नाही, आणि डॉक्टरांना चौक ओलांडून यायचं काही कारण उरणार नाही. शिवाय ती नवी अंगठी मीच घडवायची, दुसरीच्या बोटासाठी.

"तुम्हाला हवंय का ते?" मी विचारलं.

"मला विचारलंय कोणी?"

"मी विचारतेय."

तो तारेचं वेटोळं बोटानं फिरवत बसला. मला राग आला. तोंड उघडून नाही म्हणता येत नाही आणि दिवसभर लोकांना मात्र 'आ करा, आ करा' सांगत बसतो. मी ताडकन उठले, सोनं वितळवायची मूस काढली, टाकणखाराची बाटली आपटली आणि बर्नर पुढे ओढला. ज्योतीजवळ चामडं करपतं, म्हणून बोटावरची टोपी काढून फेकली आणि हिरा सुटा करायला पक्कड उचलली.

"थांबा," तो म्हणाला.

त्याची नजर माझ्या हातावर होती. मी हात मागे घेतला.

"लपवू नका. मी लोकांच्या वाकड्यातिकड्या दातांची मापं घेतो, मला त्याचं काय कौतुक." त्याचा आवाज बदलला होता. त्यानं अंगठी उचलली, दिव्यापाशी धरली, मग माझं बोट पाहिलं, पुन्हा अंगठी. "कारागीर... ही चपटी बाजू बघा. आणि हे पेर बघा."

मी पाहिलं. सगळा हिवाळा मी सळईवर ठोकून ठोकून जे पुसत होते आणि बंद कपाटात कोणीतरी पुन्हा पुन्हा घडवत होतं, ते माझंच बोट होतं.

"घालून बघा," तो हळूच म्हणाला.

"नाही. गिऱ्हाइकाची अंगठी आम्ही घालत नाही."

"मग मी गिऱ्हाईक नाही."

"मग कोण?"

त्यानं अंगठी माझ्या बोटाच्या टोकाशी धरली. पुढचं मी शपथेवर सांगते. मी बोट पुढे केलं नाही, त्यानं अंगठी ढकलली नाही. ती सरकली. जिथे आजवर एकही अंगठी गेली नव्हती, त्या पेरावरून सफाईनं पलीकडे गेली. चपट्याला चपटं लागलं. कोणीतरी बोट धरून जरासं दाबावं आणि सोडावं, तसं वाटलं. मेजाभोवती साबणाचा आणि क्रीमचा मंद वास दरवळला, आणि मला का कोण जाणे, रडूच आलं.

"आई गेली त्या आठवड्यात मी तिला विचारलं होतं, ही कोणाला देऊ," तो म्हणाला. "ती म्हणाली, तुला कळणार नाही, मी बघते." त्यानं चष्मा काढून पुसला. "मला कळलं होतं, खरं तर. पहिल्याच दिवशी, तू माझ्यावर खेकसलीस तेव्हा. सांगायला जमलं नाही. मला तूच हवी आहेस."

तू म्हणाला. मी डोळे पुसले.

"आत्यांना काय सांगशील?"

"नाही म्हणून सांगेन. आज, इथूनच." आणि त्यानं खरंच फोन लावला. पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. तो शांतपणे "नाही, आत्या" एवढंच म्हणत राहिला. माझा हात त्यानं तेवढा वेळ धरूनच ठेवला होता.

जिन्यात पावलं वाजली. बाबा खाली आले आणि त्यांचं लक्ष थेट माझ्या बोटाकडे गेलं.

"काढ ती. गिऱ्हाइकाची आहे."

"नाही बाबा," मी म्हटलं. "माझी आहे."

बाबांनी भिंग लावलं, माझा हात उलटसुलट केला आणि चपट्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "प्लॅटिनम असतं तर इतकं वळलं नसतं." आणि चहा टाकायला वर गेले.

अंगठी आम्ही वितळवली नाही. झिजलेल्या नख्या तेवढ्या मी प्लॅटिनमच्या करून घेतल्या, कारण माया असली तरी हिरा पडून चालत नाही. हिऱ्यावर फुंकर मारली की आता वाफ लगेच विरते. अंगठी चपटीची चपटीच आहे, आणि मी तिला सळईवर चढवत नाही.

भांडी घासताना, क्रीम लावताना मी ती काढून निळ्या मखमलीवर ठेवते आणि डबी बंद करते. दुसऱ्या अंगठ्यांत मिसळत नाही, हिऱ्यानं त्यांना ओरखडे पडतात. हात कोरडे करून परत घ्यायला जाते, तेव्हा ती कधी गार असते. कधी मात्र चांगली गरम असते, आत्ताच कोणाच्या तरी बोटावरून उतरल्यासारखी.

लग्नानंतर पहिल्यांदा तसं झालं तेव्हा नवरा घाबरला. मी अंगठी बोटात घातली आणि म्हटलं, "घाबरतोस काय? सासूबाईंनी घातली असेल थोडा वेळ. त्यांचीच तर आहे."