आपल्यांची यादी

सोळा जानेवारी, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे. सातव्या चौकीच्या स्वयंप्रहरीने, म्हणजे आपोआप गोळी झाडणाऱ्या पहारा-यंत्राने, समोरून आलेल्या शत्रुसैनिकावर गोळी झाडली नाही. तो कुंपणापाशी आला, तुटलेली तार जोडून निवांत परत गेला.

यंत्राची अभियंता मृणाल खरात हिने नोंद तीनदा तपासली आणि मेजर धनावडे व सुभेदार पवळे यांना बोलावून घेतले.

“बिघाड?” मेजरांनी विचारले.

“नाही सर. यंत्राच्या मते तो आपला माणूस आहे.”

पवळे हसले. “मॅडम, त्याचा बाप तिकडं, आई तिकडं. आपला कुठनं झाला?”

“तुमच्यामुळे.”

तिने सरळ सांगितले. बर्फात दोन्हीकडचे गणवेश पांढरेच, म्हणून यंत्र माणसाला चालीवरून ओळखते. नव्या तुकडीची नावे भरत बसायला वेळ नसतो, त्यासाठी एक नियम घातलेला. ज्याच्या हाताच्या अंतरावर आपला जवान शस्त्र खाली ठेवून मान वाकवतो, तो आपला. परक्यापुढे असे कोणी करत नाही.

परवा संक्रांत होती. दोन तास बंदुका थांबवून समोरचे एकोणीस जण तिळगूळ घ्यायला आले होते, येताना सुके जर्दाळू घेऊन. तिळगूळ दिल्यावर आपली पोरे बंदुका खाली ठेवून सवयीने त्यांच्यातल्या वयस्करांच्या आणि पुढे गमतीने सगळ्यांच्याच पाया पडली. ते गोंधळले, मग त्यांनीही वाकून पाहिले. बराच वेळ हशा चालला होता, आणि यंत्राने त्या एकोणीसही जणांना आपल्यांच्या यादीत घातले होते.

“तेव्हा यंत्र बंद होतं ना?” मेजर म्हणाले.

“मी गोळीबार बंद केला होता. शिकणं बंद करायचं राहिलं.”

“मग पुसा यादी. चार वाजता हल्ला आहे.”

“पुसली तर सगळी पुसते. आपले सव्वाशे जणही परके होतील. पुन्हा शिकायला तीन दिवस. आणि सर, एवढंच नाही. आपल्या माणसावर जो बंदूक रोखेल त्याला यंत्र पाडतं. रोखणारा आपला असला तरी. फितुरीसाठी केलेली सोय आहे ती.”

पवळेंनी हिशोब पुरा केला.

“म्हणजे आम्ही त्यांच्यावर रोखली की आम्ही गेलो. त्यांनी आमच्यावर रोखली की ते गेले.”

“हो.”

“त्यांना ठाऊक आहे?”

“कसं असेल?”

“आपण सांगायचं?”

“पवळे, शत्रूला आपल्या यंत्राचं मर्म सांगायचं?” मेजर म्हणाले. “कोर्टात उभे राहाल.”

यंत्र तेवढ्यापुरते बंद ठेवू का, या मेजरांच्या प्रश्नाला मुख्यालयाचे उत्तर तीन वाजून वीस मिनिटांनी आले. यंत्र बंद करण्यास परवानगी नाही, पलीकडच्या डोंगरावर शत्रूची आणखी एक पलटण आहे. हल्ला ठरल्या वेळी.

चार वाजता पवळे बावीस जणांना घेऊन निघाले. बंदुका पाठीला. मृणाल पडद्यासमोर बसली.

चार वाजून नऊ मिनिटांनी समोरून एकोणीस जण बाहेर पडले. त्यांच्या बंदुका हातात होत्या, पण आपल्यांच्या पाठीला पाहून नळ्या जमिनीकडे. मध्ये चाळीस पावलांचे अंतर ठेवून दोन्ही रांगा थांबल्या. पवळेंनी दोन्ही हात वर केले आणि मोठ्याने काहीतरी म्हटले. काय ते पडद्यावर ऐकू आले नाही.

हल्ला सुरू झाला का, असे मुख्यालयाने चार वाजून पस्तीस मिनिटांनी तिसऱ्यांदा विचारले. तोवर कोणीही बंदूक रोखलेली नव्हती.

उत्तर अजून गेलेले नाही.