ठकुमावशीची प्रार्थना

"तू आईला देवाकडे मागितलंच नाहीस, ताई! नुसतं 'तुझी इच्छा पूर्ण होवो'... आणि गेली आई!"

शेफालीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. नूतनने तव्यावरची भाकरी उतरवली आणि गॅस बंद केला. वर्षभर हाच आरोप... आईच्या उशाशी सारे तिच्या बरे होण्यासाठी प्रार्थना करीत असताना थोरल्या मुलीनेच तिला सोडून दिले! आज आईच्या स्मृतिदिनाला धाकटी शेफाली सासरहून, वरव्याहून आली होती, ती ठकुमावशीला कायमची घेऊन जाण्यासाठीच. नूतनची नजर दारातल्या मावशीच्या भरलेल्या पिशवीवर गेली. आईच्या आजारपणापायी जिने स्वतःचे ठरलेले लग्न मोडले, तिला भोरच्या या घरात मावशीवाचून दुसरे होते तरी कोण?

"जेवायच्या आदी प्रार्थना तरी कराल, का ती बी वरव्यालाच?" मावशी म्हणाली.

तिघी बसल्या. घरची रीत अशी, की डोळे मिटून एकेकीने मोठ्याने प्रार्थना करायची आणि दुसरीच्या प्रार्थनेत तोंड घालायचे नाही. सुरुवात मावशीची.

"परभू, ह्या अन्नाबद्दल तुजे उपकार. आन एक ऱ्हायलंय. म्या नूतनला वचन दिलंय, कुना मान्साला सांगनार न्हाई म्हनून. पन तू काय मानूस न्हाईस..."

"मावशी!"

"मदी बोलू नगं, प्रार्थना चालू हाय. तर परभू, तुला ठावं हाय, माज्या भनीनं नूतनचा हात धरला व्हता. म्हनली, लई सोसलं गं, आता प्रार्थना करून मला मागं वढू नगा... शेफालीला सांगू नगंस, ती पोटुशी हाय. आई आपनहून निघाली, ह्ये तिला सोसायचं न्हाई. तवापास्नं ही पोर मुकाट बोल खाती, आन तुज्याम्होरं रडती. म्या ऐकलंय भितीआडून."

नूतनच्या मिटल्या डोळ्यांतून धारा लागल्या. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या तिला आईचे रिपोर्ट वाचता येत होते. त्यांत काय लिहिले आहे ते देवाने खोडावे म्हणून ती गुडघे टेकीत नव्हती. साऱ्या जगात प्रार्थना ही एकच जागा अशी होती, जिथे तिला काही लपवावे लागत नव्हते! तिथे ती रडे, भांडे, रागावेसुद्धा... आणि सकाळी ताठ मानेने कामाला जाई. आपले ऐकले जाते, याविषयी तिला कधी तिळमात्र शंका आली नाही.

मावशी थांबली. आता शेफालीने बोलायचे होते.

"प्रभू..." शेफाली म्हणाली. "प्रभू, माझी ताई..." तिने चाचपडत नूतनचा हात शोधला, छातीशी घट्ट धरला आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली.

नूतनने तिला जवळ ओढले.

"आमेन!" मावशी खणखणीत आवाजात म्हणाली. "त्याला समदं कळलं. आता वाडा गं कुनीतरी, आन ती पिशवी आत ठिवा."