जाळीमागची जागा

विद्यालयाच्या सभागृहात कोपऱ्यात लाकडी जाळी ठोकून आम्हा दोघींना बसायला जागा करून दिली होती. माझी भाची रेन्स्का आत बसून व्याख्यानं ऐकायची. तरुण पोरींनी एकटं बसणं बरं दिसत नाही, म्हणून मी शेजारी मोजे विणत बसायची. पायाशी निखाऱ्यांची पेटी, नाकात पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या जळणाचा धूर आणि कानावर लॅटिनचा मारा. अट एकच होती. जाळीतून आवाज येता कामा नये. आला, की परवानगी रद्द.

"एवढं शिकून करणार काय गं तू?" मी विचारायची.

"बुद्धी बाई नसते आणि बुवाही नसते, आत्या. तिला देहाशी काही देणंघेणंच नाही."

"मग ही ताकातली लापशी कोण गिळतंय?"

ती हसायची. त्या जाळीमागच्या जागेखेरीज पोरीला जगात काही नको होतं. आई-बाप नसलेली पोर, मलाही तिचं मन मोडवत नव्हतं.

हिवाळा लागला आणि एक दिवस ऐन व्याख्यानात जाळीतून खोकला ऐकू गेला. पोरं फिदीफिदी हसली. बाहेर पडताना डाउवे शिपायानं मला गाठलं.

"काकू, घसा आवरा. वोपकेन्स सरांचं डोकं फिरलंय."

"मी नाही खोकले. रेन्स्काही नाही."

"म्हणजे जाळी खोकली?"

मी त्याला फटकारलं आणि घरी गेले. पण त्यानंतर आम्हा दोघींच्या मधे कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायला लागलं. वारा असेल, म्हणून मी फटीत लोकर कोंबली. श्वास चालूच राहिला. रेन्स्काला विचारलं, तर ती म्हणाली, "बसू दे ना. त्रास तर देत नाही." माझ्या हातातल्या सुया थांबल्या.

मग एके सकाळी वोपकेन्स सरांनी पोरांना काहीतरी विचारलं. पोरांनी वह्यांत डोकी घातली. आणि जाळीतून उत्तर गेलं. स्वच्छ लॅटिनमध्ये, बाईच्या आवाजात. मी रेन्स्काकडे बघत होते. तिचे ओठ मिटलेले होते.

"मी अगदी हेच म्हणणार होते, आत्या," ती पुटपुटली.

सर तडक जाळीशी आले. "अट मोडलीत तुम्ही."

"ती बोलली नाही हो!" मी म्हटलं. "देवाशपथ!"

"मग उद्या तुम्ही दोघी बाहेर, सगळ्यांसमोर उभ्या राहा. जाळीला कुलूप राहील. आतून आवाज आला नाही, तर तुमचं येणं बंद."

रात्रभर रेन्स्का प्रार्थना करत होती. आवाज यावा म्हणून. असली प्रार्थना करू नये, असं मी तिला सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही.

सकाळी कुलूप लावून किल्ली डाउवेनं खिशात टाकली. सरांनी प्रश्न विचारला. डाउवे माझ्या कानाशी लागला, "विचार करायला देह लागतो का, असं विचारतायत."

रेन्स्कानं डोळे मिटले.

जाळीतून आवाज आला. या वेळी तो रेन्स्काचाच होता.

तो बराच वेळ बोलत राहिला. सरांनी डोक्यावरची टोपी काढली.

रेन्स्कानं तोंड उघडलं. ओठ हलले. काही ऐकू आलं नाही.

तेव्हापासून तिची वाचा गेली. वैद्यानं घसा तपासला, त्याला काही सापडलं नाही. आम्हाला परवानगी आहे, पण तिथे आम्हाला कुणी बोलवत नाही. जाळीला ऐकायला गावोगावचे विद्वान येतात. रेन्स्का घरात वाटाणे सोलते, लापशी चाटून खाते, दुपारी झोप काढते. पुस्तकाला हात लावत नाही. सुखी दिसते, आणि त्याचीच मला भीती वाटते.

काल बाजारातून येताना आम्ही विद्यालयाच्या भिंतीलगत चाललो होतो. खिडकी उघडी होती, सभागृह रिकामं होतं. आतून हाक आली. लॅटिनमध्ये नव्हे, आमच्या घरच्या बोलीत.

"आत्या, मला इथून ने ना गं. तुझ्यासोबत आहे ती मी नाहीये."

मी थबकले. शेजारी उभ्या असलेल्या रेन्स्कानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं.